उसन्या नमुन्यांची उलटतपासणी

२०१३ साली ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. भाजणे, गंभीर दुखापत होणे किंवा जिवाणूंचे विष शरीरात जाणे यांमुळे माणसाच्या जनुकांच्या अभिव्यक्तीत, म्हणजे कोणते जनुक किती प्रमाणात वाचले जाते त्यात, जे बदल होतात, त्यांच्याशी उंदरातले बदल जवळपास जुळतच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे दाहाच्या विकारांवरील औषधे उंदरांवर तपासण्याच्या प्रथेवरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. दोन वर्षांनी त्याच नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांचा निबंध आला आणि हे बदल फार चांगले जुळतात, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. दोन्ही निबंधांमागचा डेटा एकच होता. पहिल्या गटाने माणसात लक्षणीय बदललेली जनुके घेतली आणि उंदरात त्यांचे काय होते ते पाहिले. दुसऱ्या गटाने माणूस आणि उंदीर या दोघांतही बदललेली जनुकेच हिशेबात धरली. चाळणीची भोके बदलली आणि उत्तर उलटे झाले.

या प्रसंगावरून कोणी असे म्हणेल की सार्वजनिक माहितीसाठ्यांतून वाटेल ते सिद्ध करता येते, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. मला यातून नेमका उलट धडा दिसतो. पहिल्या गटाचा डेटा खुला नसता तर दुसरा निबंध लिहिलाच गेला नसता आणि एक ठाम निष्कर्ष निव्वळ प्रतिष्ठेच्या जोरावर पाठ्यपुस्तकात जाऊन बसला असता. दोघांपैकी कोण अधिक बरोबर, हा वाद वेगळा आहे. दोन्ही प्राण्यांत बदललेलीच जनुके निवडायची आणि मग दोघांत साम्य आहे असे म्हणायचे, यात थोडी हातचलाखी आहे असे माझे मत आहे. पण ते मत मी मांडू शकतो, कारण मूळ आकडे कोणालाही उघडून पाहता येतात. जनुक-अभिव्यक्तीच्या सार्वजनिक भांडारांचा सर्वांत मोठा उपयोग नव्या शोधांची खाण म्हणून होत नाही, आधीच केलेले दावे तपासण्याची जागा म्हणून होतो, हे मला या लेखात मांडायचे आहे. आज मात्र या भांडारांची रचना, त्यांच्या नोंदी आणि त्यांच्याभोवतीची श्रेयाची व्यवस्था हे सगळे खाणकामालाच उत्तेजन देते.

ही भांडारे कशाची आहेत, ते आधी थोडक्यात सांगतो. शरीराच्या बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांत फरक पडतो तो कोणते जनुक किती प्रमाणात वाचले जाते यामुळे. जनुक वाचले जाताना त्याच्या आरएनएच्या रूपातल्या प्रती निघतात आणि त्या प्रती मोजल्या की त्या क्षणी पेशी काय करत होती याचा अंदाज बांधता येतो. १९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मायक्रोअ‍ॅरे नावाच्या काचपट्टीवर एका छोट्या वनस्पतीची ४५ जनुके एकाच वेळी मोजून दाखवली. चारच वर्षांनी ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेच्या नमुन्यांवरून रक्ताच्या कर्करोगाचे दोन प्रकार केवळ अभिव्यक्तीच्या आधारे वेगळे ओळखता येतात, हे दुसऱ्या एका गटाने सिद्ध केले. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी इन्फर्मेशन या संस्थेने ‘जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस’, म्हणजे जिओ, हे भांडार सुरू केले. युरोपात ‘अ‍ॅरेएक्स्प्रेस’ आले. निबंध छापायचा तर डेटा भांडारात जमा केला पाहिजे, अशी अट नियतकालिके हळूहळू घालू लागली. आज एकट्या जिओमध्ये दोन लाखांहून अधिक अभ्यास आणि ६५ लाखांहून अधिक नमुने आहेत. त्याशिवाय ३३ प्रकारच्या कर्करोगांचा आणि अकरा हजारांहून अधिक रुग्णांचा ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ आहे आणि मृत्यूनंतर दान केलेल्या निरनिराळ्या ऊतींचा ‘जीटेक्स’ हा प्रकल्प आहे. संगणक आणि इंटरनेट असलेल्या कोणालाही यातला बराचसा भाग विनामूल्य मिळतो.

विनामूल्य मिळणाऱ्या गोष्टीचे जे होते तेच येथेही झाले. एक ठरीव कृती तयार झाली. एखादा कर्करोग घ्यायचा, सध्या चर्चेत असलेली एखादी जैविक प्रक्रिया घ्यायची, तिच्याशी संबंधित जनुकांची यादी घ्यायची, कॅन्सर अ‍ॅटलासमधून त्या जनुकांची अभिव्यक्ती आणि रुग्णांचा जगण्याचा काळ उतरवून घ्यायचा आणि संख्याशास्त्राच्या तयार आज्ञावलीतून सात-आठ जनुकांचा ‘सिग्नेचर’, म्हणजे आजाराची खूण ठरणारा संच, बाहेर काढायचा. मग रुग्णांचे दोन गट करायचे, किती रुग्ण किती काळ जगले हे दाखवणाऱ्या, खाली घसरत जाणाऱ्या दोन रेषांचा आलेख काढायचा आणि आजाराचा पुढचा प्रवास सांगणारा नवा निर्देशक सापडल्याचे जाहीर करायचे. कर्करोगाचे नाव बदलले की दुसरा निबंध तयार होतो, प्रक्रियेचे नाव बदलले की तिसरा. असे शेकडो सिग्नेचर प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांतले रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेले फारच थोडे आहेत.

हे असे का होते, याचे उत्तर २०११ साली व्हेनेट, द्युमाँ आणि देतूर या तीन संशोधकांनी दिले आणि ते जितके गमतीदार आहे तितकेच अस्वस्थ करणारे आहे. त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा, सर्वांना उपलब्ध असलेला एक संच घेतला आणि या कर्करोगाशी काडीमात्र संबंध नसलेल्या जनुकयाद्या त्यावर लावून पाहिल्या. त्यांतली एक यादी जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत होणाऱ्या बदलांची होती. तीसुद्धा रुग्णांच्या जगण्याशी संख्याशास्त्रीय नाते सांगू लागली! मग त्यांनी आणखी पुढे जाऊन जनुके निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडली. शंभराहून अधिक जनुकांचे असे जे यादृच्छिक संच त्यांनी केले, त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक संच ‘लक्षणीय’ ठरले. प्रसिद्ध झालेले ४७ सिग्नेचर त्यांनी तेवढ्याच आकाराच्या यादृच्छिक संचांशी तोलून पाहिले, तेव्हा त्यांतले सुमारे ६० टक्के सिग्नेचर चिठ्ठीने निवडलेल्या संचांहून लक्षणीयरीत्या सरस ठरले नाहीत.

यामागचे कारण जैविक आहे. वेगाने विभागणाऱ्या पेशींचा गाठीतला वाटा वाढला की हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी वर-खाली होते, आणि गाठ वेगाने वाढत असेल तर स्तनाच्या कर्करोगात रुग्णाचे पुढचे भवितव्य वाईट असते. म्हणजे कोणतीही मोठी जनुकयादी उचलली तरी तिच्यात या पेशीविभाजनाचा पडसाद ऐकू येतोच. संशोधकाला वाटते की आपण ज्या प्रक्रियेचा अभ्यास केला तीच आजार वाढवते आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक वेळी तीच एक जुनी गोष्ट नव्या नावाने मोजत असतो. ‘शून्याशी तुलना केली आणि फरक दिसला’ एवढे पुरेसे नसते, तुलना कशाशी करायची हाच खरा प्रश्न असतो, हे या निबंधाने दाखवून दिले. अशी यादृच्छिक तुलना करायला संगणकाला काही तास लागतात आणि तरीही ती न करता सिग्नेचर छापले जातात, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

साधी गुणाकाराची बाबही विसरू नये. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे वीस हजार आहेत. वीस शक्यतांत एकदा चूक चालेल असे मानून प्रत्येकाची वेगळी चाचणी घेतली, तर आजाराशी कशाचाच संबंध नसतानाही एक हजार जनुके संबंधित दिसतील. याची दुरुस्ती करण्याच्या पद्धती सर्वांना ठाऊक आहेत आणि बहुतेक जण त्या वापरतातही. दुरुस्ती होत नाही ती संशोधकाने स्वतः केलेल्या निवडींची: कोणता संच घेतला, कोणता सोडला, रुग्णांचे गट कोणत्या आकड्यावर तोडले, किती वेळा तोडून पाहिले. डेटा आधीच हातात असतो आणि उत्तरही दिसत असते, म्हणून प्रश्नाला त्या उत्तराप्रमाणे मुरड घालण्याचा मोह येथे प्रयोगशाळेपेक्षा किती तरी जास्त असतो.

पण हे सगळे विश्लेषणाच्या टप्प्यावरचे दोष झाले. मला अधिक काळजी वाटते ती नमुन्यासोबत येणाऱ्या, किंवा न येणाऱ्या, नोंदींची.

आजारी माणसाच्या ऊतीचा तुकडा हा अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण असतो. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत चेतापेशींच्या जनुकांची अभिव्यक्ती कमी दिसली, तर उरलेल्या चेतापेशी मंदावल्या आहेत असा अर्थ होऊ शकतो किंवा चेतापेशी मरून गेल्यामुळे तुकड्यात त्या कमीच उरल्या आहेत असाही होऊ शकतो. पहिल्या अर्थातून औषधाचा विचार निघतो. दुसऱ्या अर्थातून सूक्ष्मदर्शकाला शंभर वर्षांपूर्वी दिसलेली गोष्टच पुन्हा कळते. पेशींचे प्रमाण आकडेमोडीने अंदाजण्याच्या पद्धती आता उपलब्ध आहेत आणि एकेका पेशीची अभिव्यक्ती मोजण्याचे तंत्रही आले आहे, पण भांडारातले लाखो जुने नमुने मिश्रणाचेच आहेत. रक्ताचा नमुना असेल तर त्या दिवशी रुग्णाच्या पांढऱ्या पेशींची मोजणी काय आली होती, ही प्रत्येक रुग्णालयात होणारी साधी तपासणी नमुन्यासोबत नोंदलेली असती तर कितीतरी वाद मिटले असते. ती नोंद सहसा नसते.

दुसरी नोंद तारखेची. २००७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या एका निबंधात युरोपीय वंशाच्या आणि चिनी व जपानी वंशाच्या लोकांच्या पेशी तपासल्या होत्या आणि सुमारे पाव हिस्सा जनुकांच्या अभिव्यक्तीत वंशानुसार फरक असल्याचे म्हटले होते. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी लक्षात आणून दिले की युरोपीय वंशाच्या लोकांचे नमुने मुख्यतः २००३ आणि २००४ मध्ये मोजले गेले होते आणि आशियाई वंशाच्या लोकांचे २००५ आणि २००६ मध्ये. रसायनांची बाटली बदलते, यंत्राची जुळणी बदलते, काम करणारे हात बदलतात आणि या सगळ्याचा ठसा आकड्यांवर उमटतो. संशोधक याला ‘बॅच इफेक्ट’ म्हणतात; आपण खेपेचा परिणाम म्हणू. वंश आणि खेप एकमेकांत इतके गुंतले होते की कोणता फरक कशामुळे पडला, हे त्या डेटावरून सांगणे शक्यच नव्हते. आजारांच्या अभ्यासातही हेच घडते. रुग्णांचे नमुने रुग्णालयातून एका वर्षी येतात, निरोगी माणसांचे दुसऱ्या ठिकाणाहून दुसऱ्या वर्षी येतात, आणि मग आजार शोधायला निघालेला माणूस खेप शोधून परततो. खेप आणि आजार पूर्णपणे एकमेकांवर बसले असतील तर संख्याशास्त्राची कोणतीही जादू त्यांना सोडवू शकत नाही. हे ठाऊक असूनही दोन निरनिराळ्या अभ्यासांतून एकातले रुग्ण आणि दुसऱ्यातले निरोगी उचलून त्यांची तुलना करणारे निबंध निघत राहतात.

तिसरी नोंद तर अगदीच प्राथमिक आहे: नमुना कोणाचा? २०१६ साली कॅनडातील तीन संशोधकांनी माणसाच्या अभिव्यक्तीचे ७० सार्वजनिक संच घेऊन एक सोपी तपासणी केली. झिस्ट नावाचे जनुक स्त्रियांच्या पेशींत सक्रिय असते आणि वाय गुणसूत्रावरची जनुके फक्त पुरुषांत, म्हणून नमुना स्त्रीचा की पुरुषाचा हे आकड्यांवरूनच कळते. हे उत्तर त्यांनी नोंदीत लिहिलेल्या लिंगाशी ताडून पाहिले. ४६ टक्के संचांत निदान एका तरी नमुन्याची नोंद जुळली नाही. चुकीचे नमुने एकंदरीत थोडेच होते, हे खरे आहे. पण लिंगाच्या बाबतीत चूक पकडता येते, कारण आकडे स्वतःच साक्ष देतात. दोन स्त्रियांचे किंवा दोन पुरुषांचे नमुने आपापसांत बदलले गेले असतील तर ते या तपासणीत दिसणारच नाही आणि ‘रुग्ण’ व ‘निरोगी’ ही लेबले अदलाबदल झाली असतील तर ते कशावरून कळणार?

याच वर्षी एक्सेलचाही पंचनामा झाला. ‘सेप्ट २’ आणि ‘मार्च १’ या संक्षिप्त नावांची जनुके एक्सेलच्या तक्त्यात टाकली की ते त्यांना तारखा समजते आणि मुकाट्याने बदलून टाकते. जनुकांच्या याद्या एक्सेलच्या पुरवणी तक्त्यांतून देणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. माणसाने यंत्राला शिस्त लावायची की यंत्रासाठी स्वतः बदलायचे, याचा निकाल येथे असा लागला.

आता या सगळ्यावरून खुल्या डेटाविरुद्ध खटला उभा करणारे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे तुच्छ लेखण्यासारखे नाही. २०१६ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या संपादकीयात ही भीती व्यक्त झाली होती. ज्यांनी रुग्ण गोळा केले नाहीत, नमुने घेतले नाहीत, त्यांना त्या डेटाच्या खाचाखोचा कशा कळणार, आणि दुसऱ्यांच्या कष्टावर जगणारा एक वर्ग तर यातून तयार होणार नाही ना, असा त्याचा सूर होता. अशा लोकांसाठी काही संशोधक जो शब्द वापरतात तो त्यात नोंदवला होता; मराठीत त्याला बांडगूळ म्हणता येईल. यावर इतका गदारोळ झाला की पुढे काही जणांनी दुसऱ्यांच्या डेटाचा उत्तम पुनर्वापर करणाऱ्यांसाठी त्याच नावाचा पुरस्कार सुरू केला. थट्टा बाजूला ठेवली तरी संपादकीयातला पहिला मुद्दा खरा आहे: ज्याने नमुना घेतला त्याला जे ठाऊक असते ते उसना नमुना वापरणाऱ्याला नसते. मात्र यावरचा उपाय डेटा बंद करणे हा असू शकत नाही. त्याला जे ठाऊक आहे ते लिहून घेणे हा उपाय आहे.

अर्धवट उघड्या डेटाची किंमत काय असते, हे ड्यूक विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. २००६ साली तेथील एका गटाने असा दावा केला की प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींच्या अभिव्यक्तीवरून कोणत्या रुग्णाला कोणते केमोथेरपीचे औषध लागू पडेल ते सांगता येते. दाव्याचे मोल मोठे होते आणि त्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरूही झाल्या. टेक्सासमधील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी सार्वजनिक डेटावरून ते निष्कर्ष पुन्हा काढून पाहायला घेतले आणि जमेनात. जनुकांच्या यादीतल्या ओळी एकेक घर खाली सरकल्या होत्या, म्हणजे यादीतले प्रत्येक नाव शेजारच्या जनुकाचे होते. काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींची लेबले उलटी लागली होती, म्हणजे रुग्णाला लागू न पडणारेच औषध निवडले जाण्याचा धोका होता. २००९ साली त्यांनी हे सगळे प्रसिद्ध केले. चाचण्या थांबायला तरीही २०१० उजाडले, निबंध मागे घेतले गेले, आणि २०१५ साली अमेरिकी सरकारच्या संबंधित कार्यालयाने संशोधनात गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष काढला. शंभराहून अधिक रुग्ण या चाचण्यांत दाखल झाले होते. पेशींच्या अभिव्यक्तीचे मूळ आकडे सार्वजनिक नसते तर हे दोघे तपासणार तरी काय होते? त्यांना महिनोन्महिने खर्च करावे लागले ते आकड्यांवर पुढे काय केले याची नोंद आणि संगणकाची आज्ञावली मिळाली नाही म्हणून.

हा अपवाद नव्हता. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये २००५ आणि २००६ साली छापलेले मायक्रोअ‍ॅरेचे १८ निबंध निवडून त्यांतले विश्लेषण पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न २००९ साली एका गटाने प्रसिद्ध केला. दोन निबंधांतील निष्कर्ष तत्त्वतः पुन्हा काढता आले, सहांचे काही फरकाने, आणि दहांचे काढताच आले नाहीत. बहुतेक वेळा अडचण एवढीच होती की डेटा नव्हता किंवा अर्धवट होता. डेटासोबत कमीत कमी काय काय द्यावे, याचे सहा मुद्द्यांचे मानक २००१ सालीच ठरले होते. नियम नव्हता असे नव्हे. तो पाळला जातो का, हे पाहणारे कोणी नव्हते.

भांडारांचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचू शकतो, याचे एक उदाहरण मला विशेष आवडते. क्षयरोगाचे निदान थुंकीच्या तपासणीवर अवलंबून असते आणि लहान मुलांना किंवा एचआयव्हीबाधित रुग्णांना पुरेशी थुंकी देता येत नाही. रक्तातल्या पेशींच्या अभिव्यक्तीवरून क्षयरोग ओळखण्याचे प्रयत्न बरेच झाले होते आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका सिग्नेचरमध्ये तर ३९३ प्रकारच्या आरएनए-प्रती होत्या. स्टॅनफर्डमधील एका गटाने २०१६ साली स्वतः एकही नवा रुग्ण न तपासता दहा देशांतले १४ सार्वजनिक संच आणि २,५७२ नमुने एकत्र घेतले. त्यांतले काही संच शोधासाठी वापरले आणि बाकीचे पडताळणीसाठी बाजूला ठेवले. हातात आली फक्त तीन जनुके. या तीन जनुकांवर आधारलेली, बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर चालणारी चाचणी पुढे तयार झाली आणि तिची पारख रुग्णांवर होऊ लागली.

त्या गटाची विचारपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. सामान्यतः संशोधक संचांतील विसंगतीला वैतागतो. एकात मुले असतात, दुसऱ्यात प्रौढ. एकात एचआयव्ही असतो, दुसऱ्यात नसतो. यंत्रे वेगळी, देश वेगळे, हात वेगळे. या गटाने त्या विसंगतीलाच कामाला लावले. इतक्या वेगळ्या परिस्थितीत आणि इतक्या वेगळ्या खेपांत जे जनुक प्रत्येक वेळी त्याच दिशेने हलते, ते एखाद्या खेपेचा खेळ असण्याची शक्यता फार कमी. एकाच मोठ्या, नेटक्या संचात हे करता येत नाही. एका साक्षीदाराची जबानी कितीही सविस्तर असली तरी एकमेकांना न ओळखणाऱ्या दहा साक्षीदारांच्या जुळणाऱ्या जबान्यांचे वजन वेगळेच असते. सार्वजनिक भांडाराचे बळ त्याच्या आकारापेक्षा या अनेकपणात आहे.

आणि तरीही शेवटचा शब्द भांडाराचा नसतो. २०११ साली आजाराने होणाऱ्या बदलांच्या नेमके उलट बदल घडवणारी औषधे सार्वजनिक डेटातून शोधण्याची एक कल्पक पद्धत प्रसिद्ध झाली. तीतून अपस्माराचे टोपिरामेट हे औषध आतड्यांच्या दाहावर उपयोगी पडेल असा अंदाज निघाला आणि उंदीरवर्गीय प्राण्यांच्या प्रयोगात तो बरोबरही ठरला. तीन वर्षांनी, हे औषध इतर कारणांसाठी घेणाऱ्या आतड्यांच्या दाहाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांचा आजार उसळण्याचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही. याला मी पद्धतीचे अपयश मानत नाही. अंदाज स्पष्ट होता, म्हणून तो तपासता आला आणि तपासला म्हणून बाद करता आला. सिग्नेचरच्या शेकडो निबंधांना हा मान मिळत नाही, कारण त्यांतून बाद होऊ शकेल असे कोणतेही विधान निघतच नाही.

भांडारात कोण आहे आणि कोण नाही, हाही प्रश्न आहे. जीटेक्समधील सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे आहेत. शिवाय ते सर्व मृत व्यक्ती आहेत, आणि मृत्यूनंतर नमुना घेईपर्यंत जे तास जातात त्यांत अनेक जनुकांची अभिव्यक्ती बदलते. अशा संचाला ‘निरोगी माणूस’ म्हणून प्रत्येक तुलनेत उभे करणे सोयीचे आहे, इतकेच म्हणता येईल. खाजगीपणाचा मुद्दाही हवेतला नाही. केवळ अभिव्यक्तीच्या आकड्यांवरून त्या माणसाची जनुकीय ओळख बऱ्याच अचूकपणे काढता येते, हे २०१२ सालीच दाखवले गेले आहे. म्हणून सविस्तर कच्चा डेटा परवानगीमागे ठेवण्याची पद्धत मला योग्य वाटते, फक्त परवानगी सर्वांना सारख्याच अटींवर मिळाली पाहिजे.

मग मागणी कशाची करायची? नवी भांडारे उभारण्याची घाई नको. उसन्या डेटावरचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाने निदान एवढे मागावे की निष्कर्ष ज्या संचावर काढला त्याहून वेगळ्या, स्वतंत्रपणे गोळा झालेल्या संचावर तो टिकतो का ते दाखवा, यादृच्छिक संचांशी तुलना द्या आणि आज्ञावली जोडा. हे तिन्ही संगणकावरच होते, त्यासाठी कोणाचेही रक्त काढावे लागत नाही, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. ज्यांनी नमुने काळजीपूर्वक नोंदून जमा केले त्यांचे श्रेय निबंधाच्या संख्येइतकेच मोजले जावे, कारण आज नोंदी भरण्याचे काम निबंध स्वीकारला गेल्यावर रात्री घाईघाईने उरकायचे काम असते आणि ते कोणा तरी सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. दुसऱ्याचा दावा तपासून तो टिकला किंवा टिकला नाही असे सांगणाऱ्या निबंधालाही जागा मिळावी. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांना आपले निष्कर्ष शेवटी वैद्यकाच्या नव्हे, संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापावे लागले होते.

आणि नोंदीच्या अर्जात एक रकाना सक्तीचा करावा: नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, कोणत्या खेपेत मोजला. २०१४ साली उंदीर आणि माणूस यांच्या ऊतींची तुलना करणाऱ्या एका निबंधात असे दिसले होते की माणसाचे हृदय अभिव्यक्तीच्या दृष्टीने उंदराच्या हृदयापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांशी अधिक जवळचे आहे. पुढच्या वर्षी योआव गिलाड आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो डेटा उघडला. कोणते नमुने एकत्र मोजले होते, हे निबंधात लिहिलेले नव्हते. पण यंत्र प्रत्येक फाइलमधील प्रत्येक ओळीवर स्वतःचा क्रमांक, खेप आणि मार्गिका आपोआप छापत असते, त्यावरून त्यांनी प्रयोगाची मांडणी पुन्हा जुळवली. बहुतांश खेपांत एकतर फक्त माणसाचे नमुने होते किंवा फक्त उंदराचे. खेपेचा परिणाम आकडेमोडीत धरल्यावर हृदय हृदयाशेजारी आणि यकृत यकृताशेजारी येऊन बसले. जी नोंद करायला माणूस विसरला होता, ती यंत्राने करून ठेवली होती.